कपाशीच्या गळ्यातलं घुंगरू

हसू नका, मित्रांनो. बोराएवढं एक जुनं पितळी घुंगरू तुमच्याशी बोलतंय, आणि तेही बैलाच्या नाही, मांजरीच्या गळ्यातलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे माझी मान खाली जाणार आहे. घुंगराला मान नसते हे मला ठाऊक आहे, पण लाजेला मान लागते असं थोडंच आहे!

माझा जन्म एका ओतार्‍याच्या भट्टीतला. पोटात लोखंडाची बारीक गोळी ठेवून त्याने मातीच्या साच्यात पितळ ओतलं, साचा फोडला आणि मला कानाशी धरून हलवलं. "हा बोलका निघाला," तो म्हणाला. झालं! तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा गर्व चढला. तुकईथडच्या कडू नावाच्या शेतकर्‍याने मला आणि माझ्या भावंडांना एका माळेत ओवलं आणि त्याच्या हौश्या नावाच्या बैलाच्या गळ्यात घातलं. काय दिवस होते ते! हौश्या गाडी ओढत केळीच्या बागेतून निघाला, की कडूची आई रंभाबाई माझा आवाज ऐकून चुलीवर तवा टाकायची. पोळ्याला ती मला चिंचेने घासून लखलखीत करायची आणि शेजारणीला सांगायची, "बाकीचे नुसते खुळखुळतात वं, हा एकटा बोलते." एवढं कौतुक झाल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

पण बैल म्हातारे होतात. हौश्याचे गुडघे गेले. कडूने त्याला विकला नाही, बर्‍हाणपूरच्या एका पांजरापोळात आणून सोडला. पांजरापोळ म्हणजे थकलेल्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांना सांभाळायची जागा. "माळ राहू द्या, त्याले सवय हाय," एवढं बोलून कडू मागे न बघता निघून गेला. दोन पावसाळ्यांनी हौश्या गेला. पांजरापोळातला गडी शालिग्राम, त्याने माळ काढली तर दोरा कुजलेला. भावंडं कुठल्या कुठे पांगली. मी एकटा कडब्याच्या खोलीत एका खुंटीवर धूळ खात राहिलो. कौतुकाची चटक लागलेल्याला असं पडून राहणं फार जड जातं, मित्रांनो.

त्याच सुमाराला राज्यांच्या सीमा बदलल्या. आमची राजधानी नागपूर मराठी मुलखाबरोबर गेली, बर्‍हाणपूर हिंदी मुलखात राहिलं आणि भोपाळ राजधानी झाली. आम्हा घुंगरांना त्याचं काय! पण शहरातल्या इतवारा पेठेत एक लहानसं मराठी वाचनालय होतं, तिथे मोठी चिंता पसरली होती. ते सांभाळायचे वामनराव. पुढच्या खोलीत पुस्तकं, मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या पत्नी लीलाबाई. आता नवी मराठी पुस्तकं कोण पाठवणार, आहेत ती तरी जपली पाहिजेत, असं जो तो म्हणायचा. आणि ती पुस्तकं उंदीर खात होते. बांधणीला लावलेली मैद्याची खळ म्हणजे त्यांना पक्वान्नच. कपाट उघडावं तर कादंबरीचा शेवट गायब.

म्हणून एके सकाळी वामनराव पांजरापोळात मांजर न्यायला आले. तिथे जनावरं सोडायला येणारे पुष्कळ, न्यायला येणारा माणूस शालिग्रामने पहिल्यांदाच पाहिला. त्याने आनंदाने एक पांढरीशुभ्र मांजरी पुढे केली. कुत्र्यांच्या धाकाने ती सदा कडब्यात लपून असायची. वामनरावांनी तिला उचललं, आणि तेवढ्यात पांजरापोळाचे कारभारी गिरधरशेठ आले.

"मांजर घेऊन जा वामनराव, खुशी की बात है," ते म्हणाले. "पण आमच्या इथलं जनावर कुणाचा जीव घेणार नाही, ही अट. ते पाप आमच्या माथी नको."

"मारणार नाही, शेठजी. नुसती फिरली तरी उंदीर घाबरून पळतील," वामनराव म्हणाले. मऊ माणूस, कुणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"शब्द देता?"

"दिला."

"तर मग हिच्या गळ्यात काहीतरी वाजणारं बांध रे शालिग्राम."

शालिग्रामने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला धोतराच्या सोग्याने पुसलं, हलवून पाहिलं. मी काय केलं असेल? खणखणीत वाजलो! इतक्या दिवसांनी कुणी हात लावला म्हणून नवरदेवासारखा वाजलो. आपल्याला कशासाठी निवडलं, हा विचार मनात आलाच नाही.

घरी लीलाबाईंनी दारातच कपाळाला हात लावला. "अहो, हे काय? उंदरांनीच तुम्हाला काही चारलं की काय? घुंगरू बांधून शिकार करायची हिने? उंदीर काय हिला नमस्कार करून वाट देतील?"

"शब्द दिलाय गं मी."

"तुम्ही दिलात ना? मग तुम्हीच बांधा गळ्यात," असं म्हणून त्यांनी मांजरीला मात्र पदराखाली घेतलं. तिचं नाव ठेवलं कपाशी.

कपाशी आधी कपाटामागून बाहेरच येईना. वामनराव कपाटापुढे बसून तिला वाचनालयाचे नियम समजावून सांगायचे. लीलाबाई हसायच्या. त्यांनी ओढाताण केली नाही, की मारलं नाही. बोटाला साय लावून कपाटाजवळ जमिनीवर बसायच्या आणि हळूच म्हणायच्या, "कपाशी, ये, ये." आज एवढं, उद्या थोडं अलीकडे. शेवटी ती मांडीवर आली. घाण करायची ती राखेच्या घमेल्यात, हे तिला दाखवून दिलं, ती शिकली. पुस्तकांच्या पाठीवर नखं चालवू लागली तेव्हा तिच्यासाठी भिंतीला जुनं पोतं ठोकलं, तिथे नखं घासायला ती शिकली. वर्तमानपत्रांच्या मेजावर चढायचं नाही, हेही शिकली. टाकून दिलेलं जनावर काही शिकत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. प्रेमाने सांगितलेलं सगळं ती शिकली, मित्रांनो.

पण एका गोष्टीपुढे तिचं काही चालेना. ती गोष्ट म्हणजे मी.

ती कपाटाखाली दबा धरून बसायची. अंग जमिनीला टेकलेलं, शेपटीचं टोक तेवढं हलायचं. उंदीर बाहेर यायचा, मिशा हलवायचा. ती झेपेसाठी पुढचा पंजा उचलायची आणि मी वाजायचो. उंदीर पसार! मी स्वतःला आवळून धरायचा प्रयत्न केला. पोटातल्या गोळीला विनवण्या केल्या, "बाई, आज तरी गप्प बस." ती कसली ऐकते! कपाशी मागच्या पायाने मला ओरबाडायची, गळ्याचे केस उपटून निघायचे, तरी मी वाजतच होतो. ज्या आवाजासाठी रंभाबाईने मला डोक्यावर घेतलं, त्याच आवाजाने मी या मुक्या जिवाच्या पोटावर पाय देत होतो. लाजेने पितळ काळं पडतं का, मला माहीत नाही. मी मात्र पडलो.

उंदीर तर इतके निर्ढावले की मी वाजलो की कपाटात, थांबलो की परत पुस्तकावर. वाचायला येणार्‍यांना करमणूक झाली. "वामनराव, मांजर आणलीत की कीर्तनकार?" एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "हिला वाचनालयाचं एक तिकीट काढून द्या, वाचायला बसेल तरी." सगळे हसायचे. वामनराव कानकोंडे होऊन चष्मा पुसत बसायचे. आणि कपाशी? तिने शिकार सोडूनच दिली. पाऊल टाकलं की हसं होतं, हे तिला कळलं होतं. ती दिवसभर पोत्याजवळ हलायचंही नाही अशी बसून राहायची, म्हणजे मी वाजणार नाही.

एक दिवस वाचनालयाच्या पंचांनी वामनरावांना स्पष्टच सांगितलं. उंदरांपासून पुस्तकं बचावत नसतील तर हे मांजर परत पाठवा, उगाच शोभा नको. ते गेल्यावर वामनराव आत येऊन म्हणाले, "उद्या तिला पांजरापोळात सोडून येतो. इलाज नाही."

लीलाबाई पोत्याजवळ जाऊन बसल्या. कपाशीला मांडीवर घेतलं. गळ्यावर केस गेलेली जागा त्यांनी बोटाने चाचपली आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "काय गं तुझा गुन्हा? सगळं तर शिकलीस." मग त्या तडक उठल्या, देवापुढची कापसाची पेटी आणली आणि वातीचा कापूस केसांतल्या आकड्याने माझ्या पोटात ठासून ठासून भरला. माझा श्वास कोंडला. गोळी जागची हलेना. खरं सांगू? जन्मात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दुसर्‍या दिवशी वामनराव पिशवी घेऊन आले, तर कपाशी त्यांच्या पायाशी एक उंदीर ठेवून बसलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. लीलाबाई भाकरी थापण्यात फारच गढून गेल्या होत्या. वामनरावांनी मुकाट्याने पिशवी घडी करून ठेवली. घुंगरू गळ्यात होतं, म्हणजे शब्दही शाबूत होता, नाही का? पण त्या दिवसापासून ते माझ्याकडे थेट बघत नसत. कपाशीला कुरवाळताना त्यांचा हात माझ्याजवळ आला की थबकायचा. दिलेला शब्द आतून पोकळ झालाय, हे त्यांना आतल्या आत खात होतं. मलाही. पुस्तकं बचावली, कपाशीचं अंग भरलं, ती घरभर शेपूट उंच करून फिरू लागली. आम्ही दोघे मात्र चोरासारखे.

आणि एका रविवारी वाचनालय भरलेलं असताना गिरधरशेठ आले. दिलेलं जनावर नीट आहे ना, ते बघायला आले होते. मागे शालिग्राम. कपाशी त्यांच्यासमोरून ऐटीत चालत गेली. शेठनी कान टवकारले. खाली वाकून त्यांनी मला दोन बोटांत धरलं आणि हलवलं. आवाज नाही. पुन्हा हलवलं.

"ये क्या वामनराव? हे वाजत का नाही?"

वामनरावांचा चेहरा पांढराफटक पडला. लीलाबाई उंबर्‍यात आल्या. "मी कापूस भरला त्यात. यांना विचारून नाही भरला."

"पण मला दिसलं होतं," वामनराव हळूच म्हणाले. "दिसून मी गप्प बसलो."

"शब्द दिला होता तुम्ही! शालिग्राम, उचल हिला. परत न्यावी लागेल," शेठ म्हणाले. "इतके जीव गेले, ते पाप कुणाच्या माथी?"

शालिग्राम पुढे झाला, पण हात घालेना. कपाशी पळत जाऊन लीलाबाईंच्या पदरात शिरली. तिला पोटाशी धरून लीलाबाई म्हणाल्या, "शेठजी, तुमच्या सुताच्या गोदामात उंदीर असतील ना?"

"असतात. का?"

"तिथे कोनाकोपर्‍यात त्या विषाच्या गोळ्या ठेवतात, त्यांचं पाप ज्याच्या माथी, त्याच्याच माथी हेही घाला."

खोलीत सगळ्यांची वर्तमानपत्रं एकदम वर गेली. इतवार्‍यात कुणाला ते ठाऊक नव्हतं? शेठचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "ते... ते मुनीम बघतो, बाई," एवढंच ते बोलले. ज्यांना रोज मांजरीवर हसायला यायचं, त्यांच्यातला एकही हसला नाही.

मग वामनराव उठले. आयुष्यात कुणाला नाही न म्हटलेला माणूस तो. त्यांनी कपाशीच्या गळ्यातली गाठ सोडली आणि मला शेठच्या हातावर ठेवलं. "शेठजी, शब्द मी दिला होता, हिने नाही. मी तो पाळला नाही, त्याची लाज माझी. चारचौघांत मला काय हवं ते म्हणा. पण घुंगरू घेऊन जा. मांजर मी देणार नाही."

गिरधरशेठनी एकदा कपाशीकडे पाहिलं. मग मला मुठीत घेऊन निघाले. टांग्यात बसल्यावर त्यांनी काडीने माझ्या पोटातला कापूस काढला. मी वाजलो मात्र, त्यांनी दचकून मूठ आवळली. घर येईपर्यंत ती सोडली नाही. पुढे मला शालिग्रामकडे देताना खाली बघत म्हणाले, "कुणाच्याही गळ्यात बांधू नकोस." गोदामातल्या गोळ्यांचं पुढे काय झालं, ते मला कळलं नाही. कपाशी मात्र त्या घरातच राहिली.

आता मी पांजरापोळाच्या दाराजवळच्या कोनाड्यात असतो. कुत्री-मांजरं न्यायला आता बरीच माणसं येतात. एकाला कुत्रा हवा असतो, पण त्याने भुंकायला नको. एकीला मांजर हवं असतं, पण त्याला नखं नकोत. कुणी पाहुण्यांत मिरवायला नेतं आणि आठवड्यात परत आणून सोडतं, "शिकत नाही" म्हणून. मला तेव्हा ओरडावंसं वाटतं, पण मला हलवल्याशिवाय बोलता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. टाकलेलं जनावर घरी न्या, जरूर न्या. त्याला दारं दाखवा, जागा दाखवा, सायीचं बोट पुढे करून धीराने शिकवा, ते शिकेल. पण जे तुम्हाला कबूल करायला जड जातं, ते त्याच्या गळ्यात बांधू नका. ते बिचारं चालेल तिथे वाजत राहतं, आणि ऐकणारे म्हणतात, जनावरच वाईट आहे.