गणितात न पडलेला पाऊस

माणसावर विश्वास ठेवायचा तर आधी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करावी, हा माझा स्वभाव. सरपंचाला तो शोभतोही. म्हणून बहात्तरच्या दुष्काळात शालिग्राम साहेब जानेफळला आले, तेव्हाच मी सावध झालो. डॉक्टर म्हणवायचे, पण सुई टोचता येत नव्हती. पीएचडी होऊनही पुण्याला त्यांचं संशोधन चालूच होतं.

काम काय, तर कागदावर आभाळाचे चौकोन पाडायचे आणि एका चौकोनातल्या हवेवरून शेजारच्या चौकोनात उद्या काय होईल ते आकडेमोडीनं काढायचं. आकडे एवढे, की मुंबईच्या यंत्राकडून ते करून घ्यावे लागत. म्हणजे शेजारणीच्या चुलीच्या धुरावरून माझ्या घरची भाजी ओळखायची. आमचं गाव त्यांच्या एका रिकाम्या चौकोनात पडत होतं. गणित खरं उतरतं का ते पाहायला त्यांनी शाळेमागे पाऊस मोजायचं भांडं बसवलं आणि खामगावला मुक्काम ठेवून दर सोमवारी येऊन ते बघू लागले.

तहसीलच्या अधिकाऱ्यानं तोच आकडा धरला. भांडं कोरडं राहिलं तरच गावात खडी फोडायचं काम निघणार होतं. नाही तर अर्धं गाव बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालं असतं.

आणि भांड्यात इंचभर पाऊस निघाला. शिवारात ढेकूळही भिजलं नव्हतं.

"सायेब, हा पाऊस कोनाच्या घरी पडला?" मी विचारलं.

"माझ्या गणितात तर नाही पडला, पंजाबराव. पण भांड्यात आहे. दोन्ही जुळत नसली, की आम्ही आधी गणितावर शंका घेतो."

स्वतःवर शंका घेणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता, म्हणून माझा संशय आणखी वाढला. पुढच्या सोमवारी पुन्हा इंचभर. आता मी माणिकरावावर नजर ठेवली. निवडणुकीत मी त्याला पाडलं होतं. भांड्याचं नाव काढताच तो पारावरून उठून गेला. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं. मग शाळेच्या मास्तरावरही नजर ठेवली, कारण भांडं त्याच्या खिडकीखाली होतं.

तिसऱ्या सोमवारी दिवस उगवायच्या आत मी शाळेच्या भिंतीआड जाऊन बसलो. अनवाणी, हातात गडू घेऊन माझी बायको सोजरा आली. तिनं गडू भांड्यात ओतला आणि हात जोडले.

"काय करून राह्यली तू?"

ती दचकली नाही. पाऊस लांबला की आमच्याकडे देवळातली पिंड पाण्यात बुडवून ठेवतात. देव गुदमरतो आणि पाऊस सोडतो.

"महादेव बुडवला, तरी पाऊस नाही," ती म्हणाली. "हा सरकारचा देव. एवढा शिकलेला सायेब दर सोमवारी याच्या दर्शनाले येते. म्हटलं, याले बुडवून पाहावं."

त्याच दिवशी साहेबांबरोबर अधिकारीही आला. लोक जमले. माणिकरावाचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं का होईना. माझ्या घरची अब्रू आणि गावाचं काम, दोन्ही वाचली असती. तेवढ्यात सोजरा पुढं झाली.

"म्या टाकलं पानी."

अधिकारी हसला. "देवाला ओतायला पाणी मिळतं, म्हणजे गावात टंचाई नाही तर."

"माह्या वाट्याचं व्हतं, सायेब. त्या दिवशी मी पानी पेत नाही."

शालिग्राम साहेबांनी वहीतले मागच्या दोन्ही सोमवारचे आकडे खोडले. अधिकाऱ्यानं खाली मान घालून काम मंजूर केलं.

घरी जाताना सोजरा मागून चालत होती. "तुमी सायबावर संशेव घेतला, माणिकरावावर घेतला, मास्तरावर घेतला," ती म्हणाली. "माह्यावर काऊन नाही घेतला?"

मी वळून पाहिलं. तिचे ओठ फाटले होते. कधीपासून, ते मला सांगता आलं नसतं.