बाराव्या बटणाचं काज

टाचणी वाचायची झकास. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे तर ती इतक्या वेगानं वाचे, की पानावरचे स्वल्पविराम घाबरून कडेला सरकत. अडचण एकच. पान संपल्यावर काय वाचलंस गं, असं विचारलं की पोर छताकडे बघायची. बाईंनी घरी निरोप धाडला: महिन्याभरानं एक पान वाचायला देऊ, त्यात काय आहे ते सांगता आलं तर वरचा वर्ग, नाहीतर पुन्हा तोच बाक.

आजोबा चाळीस वर्षं शिंपी होते आणि पन्नास वर्षं थापाडे. मैत्रिणी पुढे गेल्यात आणि आपली टाचणी एकटीच मागे बसलीय, हे चित्र काही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः शिवलेला अकरा बटणांचा जुना कोट अंगात चढवला.

"रोज संध्याकाळी एक गोष्ट सांगणार, त्यात एक थाप," ते नातीला म्हणाले. "पकडलीस तर एक बटण तुझं. पण नुसतं खोटं म्हणून भागायचं नाही. माझंच बोलणं मला परत ऐकवायचं आणि कुठे उसवलंय ते दाखवायचं."

बेकरीतून दमून आलेल्या सूनबाईनं, म्हणजे टाचणीच्या आईनं, मटाराच्या शेंगा पुढ्यात ओतल्या आणि मामंजी, पोर आधीच गोंधळलेली, त्यात तुमची भर, असं सुनावलं. तरी तिघं मिळून शेंगा सोलायला बसली.

पहिले चार दिवस टाचणी नुसती खिदळली. एका पैलवानाच्या सदऱ्याची कॉलर शिवायला शिडी लावली, दुपारचा डबाही शिडीवरच खाल्ला, हे तिनं घोटभर पाण्यासारखं गिळलं. बटणं शाबूत. शब्द अडला तर आजोबा अर्थ सांगत नसत, वस्तूच पुढे करत. अस्तर म्हणजे काय, तर कोट उलटा करून तिचा हात आतून फिरवला. काज म्हणजे काय, तर तिचं बोटच काजात घातलं. ते अडकलं, निघेना, आणि हसता हसता सूनबाईच्या मांडीवरचे सगळे मटार घरभर पळाले.

पाचव्या दिवशी गोष्ट निम्म्यावर आली आणि टाचणीनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आजोबा, थांबा. दुकानात मिट्ट काळोख होता, हात दिसत नव्हता, असं मघाशी म्हणालात. मग गिऱ्हाइकाचा कोट निळा होता हे कसं कळलं?"

आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या, कात्री मागवली आणि बटण कापून दिलं. आठ्या मात्र फार वेळ टिकल्या नाहीत.

मग पोर सुटलीच. सूनबाईलाही चेव आला. आज बेकरीतली भट्टीच रुसून बसली होती, असल्या थापा तीही मारू लागली. महिना सरला तेव्हा टाचणीच्या डब्यात दहा बटणं होती आणि आजोबांच्या गळ्याशी एकच.

कोट दोन्ही हातांनी आवळून ते वर्गाच्या दाराशी बसले. बाईंनी स्वतः लिहिलेलं पान दिलं. टाचणी वाचू लागली, आणि या वेळी स्वल्पविराम आपापल्या जागी निवांत बसून राहिले. मग तिनं पानावरची, मासे धरायला निघालेल्या कोळ्याची सगळी गोष्ट सांगितली.

"पण बाई, सकाळी तो पिशवी घरी विसरला होता ना? मग दुपारी होडीत त्याच पिशवीतून पाव कसा काढला?"

बाईंनी पान दोनदा वाचलं. टाचणीनं हात पुढे केला. "बटण द्या."

आजोबांना कोटात तोंड लपवावंसं वाटलं, पण कोट मिटत कुठे होता? उठून त्यांनी सगळी हकीकत सांगितली, आयुष्यात पहिल्यांदाच पदरचं काही न घालता. बाई खूप हसल्या. ड्रॉवरमधली कात्री काढून त्यांनी आपल्या स्वेटरचं एक पिवळं बटण कापलं.

"ही वरच्या वर्गात जाणार," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आठवड्यातून एकदा इथे या. बाकीच्या पोरांनाही थापांची गरज आहे."

आजोबांनी हात जोडले.

त्या संध्याकाळी टाचणीनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि सुईदोरा घेऊन दहाही बटणं परत लावली, वाकडीतिकडी, एक तर चक्क उलटं. चाळीस वर्षं जगाची बटणं लावलेला माणूस श्वास रोखून बसला होता. पिवळं बटण उरलं, ते तिनं सगळ्यांत खाली टाचलं. त्याला काज नव्हतं. ते आजोबांनी सकाळी उजेडात बसून स्वतः केलं, जन्मात केलं नव्हतं इतकं सुबक.

बारा बटणं कशी, असं कुणी विचारलं की ते सगळं सांगतात. लोक म्हणतात, ही मात्र शुद्ध थाप. मग टाचणी पुढे होते आणि यात कुठेच उसवलेलं नाही, अशी साक्ष देते.