हेल्गेची दाद

हेल्गे निर्माता देवांगच्या ऑफिसातून परत येऊन गाडीत बसला आणि आत काय झालं ते त्याने सांगितलं, तेव्हा गिरिजाला वाटलं, या माणसाला लॉस एंजेलिसच्या उन्हात इथेच उतरवून निघून जावं.

नॉर्वेत तिच्या नवऱ्याने लिहिलेल्या सिनेमांना लोक रांगा लावत. इथे आल्यापासून मात्र तो दुसऱ्यांच्या पटकथांना ठिगळं लावत बसला होता. आता कुठे त्याची स्वतःची, समुद्रात बुडालेल्या आपल्या वडिलांवरची पटकथा निर्मात्यापर्यंत पोचली होती. देवांगने विचारलं, तुला स्वतःला कशी वाटते? आणि हा शहाणा म्हणाला, "वाईट नाही."

लिहिणाऱ्यालाच खात्री नसेल तर मी कशाला हात घालू, असं म्हणून देवांगने त्याला वाटेला लावलं.

गिरिजाला या दोन शब्दांचं वजन ठाऊक होतं. लग्न नवीन असताना तिच्या साबुदाण्याच्या खिचडीलाही तो असंच म्हणाला होता, आणि तिने अख्खी कढई कचऱ्यात रिकामी केली होती. मग सासूने फोनवर समजावलं की आमच्याकडे आपल्या माणसाचे गोडवे गाणं निर्लज्जपणाचं. याहून मोठी दाद त्याच्यापाशी नाही. तेव्हापासून त्या दोन शब्दांसाठी ती हौसेने रांधायची.

पण बाजारात बोलेल त्याचीच बोरं विकतात. तिने हेल्गेला रोज ओट्यापाशी उभं करून घोकायला लावलं.

"अमेझिंग म्हण. हसून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून."

"मला लाज वाटते, गिरिजा. हे खोटं आहे."

"मग बोल ना खोटं. की जन्मभर ठिगळंच लावणार?"

हे त्याला फार लागलं. पुढच्या भेटीत त्याने स्वतःचे ढोल असे बडवले की देवांगने सिनेमा घेतला. मग दुसऱ्या लेखकाकडून शेवट बदलून घेतला. नव्या शेवटात वडील वाचले, एका कुत्र्यासकट किनाऱ्याला लागले आणि सूर्यास्तात नाचले.

पहिल्या खेळानंतर देवांगने चारचौघांत विचारलं, कसा वाटला? आता हा फाडून खाईल, असं गिरिजाला वाटलं. हेल्गे गोड हसला. "अमेझिंग," म्हणाला, आणि टाळ्या वाजवल्या. देवांगने त्याला मिठी मारली. गिरिजाच्या अंगावर काटा आला.

घरी येऊन तिने खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ घालून, त्याला आवडते तशी. आपण याच्या बापाचा सौदा करवला, हे तिला आतून खात होतं. त्याने दोन घास खाल्ले.

"कशी झालीये?" तिने विचारलं.

हेल्गेने मान वर केली. तिने शिकवल्याबरहुकूम हसून, तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "अमेझिंग."

गिरिजाने कढई उचलली आणि कचऱ्यात रिकामी केली. या वेळी त्याच्या शब्दाचा अर्थ लावण्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. हेल्गेनेही तिला अडवलं नाही.