पिकअप काही जाईना

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजवर ज्यांना सांगितली त्यांतल्या एकालाही वाटलेली नाही. एक गृहस्थ तर निम्म्यातूनच उठले आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, पुढचं सांगा, पण मी विश्वास ठेवलाय असं कुणाला कळू देऊ नका. तेव्हा तुम्हीही ठेवू नका. नुसती ऐका.

एक होता काचवाला. खिडक्यांना काचा बसवायच्या, आरसे कापून द्यायचे, हा त्याचा धंदा. दुकान उताराच्या माथ्यावर आणि घर उताराच्या पायथ्याशी. दुकानातून निघालं की सरळ खाली यायचं, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळायचं, न्हाव्याच्या दुकानापाशी पुन्हा डावीकडे, की समोर घराचं फाटक. ह्या रस्त्यानं त्यानं उभी हयात एकच पिकअप चालवली, आणि त्या पिकअपनं त्याला चालवलं.

तिच्या काचा मात्र बघाव्यात. एकही चरा नाही, रोज पुसलेल्या. बाकीचं विचारू नका. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडत नसे, म्हणून काचवाला पलीकडच्या दारातून शिरायचा आणि गिअरच्या दांड्यावरून ढांग टाकून आपल्या जागी पोचायचा. पलीकडचं दार लागत नसे, ते दोरीनं बांधायचं. एक दिवा रस्ता बघायचा, दुसरा आभाळ. हॉर्नचं बटण दाबून अंगठा सुजला तरी हॉर्न वाजत नसे. डावीकडे वळताना मात्र आपसूक वाजायचा. एकदा एका भिंतीनं तिला धडक दिली होती. काचवाल्याचं म्हणणं असंच होतं, भिंतच पुढे आली. तेव्हापासून तिचं पुढचं चाक आत वाकलं आणि गाडीला डावीकडचा नाद लागला. हँडब्रेक ओढला की कर्रर्र असा आवाज करायचा की बघणाऱ्याची छाती दडपावी, पण तो आवाज काढून झाला की त्याचं काम संपलं. गाडी खरी थांबायची ती चाकाखाली सरकवलेल्या दगडानं.

हे सगळं घरात ठाऊक होतं, बाहेर कुणाला नाही. कारण काचवाल्याला धंद्यातून जडलेली एक खोड होती. काच दाखवताना तो ती अशी धरायचा की जिथं चरा असेल तिथं नेमका त्याचा अंगठा यायचा. ही खोड इतकी हाडीमाशी खिळली होती की घरातल्या कपाचा टवका उडाला तरी तो कप टवका भिंतीकडे करून ठेवायचा. आपल्या वस्तूतली खोट आपल्या तोंडानं सांगायची म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

तर एक दिवस पिकअपच्या इंजिनानं मान टाकली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि टोपी काढली. तेव्हापासून गाडी अंगणात उभी. उभी म्हणजे अख्खं अंगण तिचंच. घरात यायचं तर पोट आत घेऊन, भिंतीला पाठ घासत यायचं.

काचवाल्याची बायको, तिला सगळी गल्ली काकू म्हणायची, तिचा जीव रोपांत. जुने डबे, फुटक्या बादल्या, जे हाताला लागेल त्यात ती रोप लावायची. पायऱ्यांवर रोपं, खिडक्यांत रोपं, न्हाणीघरात रोपं. काचवाला आंघोळीला बसला की कानात मिरचीचं रोप शिरायचं. तिला अंगणात रोपवाटिका काढायची होती. कितीतरी वर्षं म्हणत होती, आणि आता एका मोठ्या वाटिकेवाल्यानं तिला गाडीभर रोपं विकायला द्यायचं कबूल केलं होतं.

"रविवारी सकाळी रोपं येतायत," ती जेवताना म्हणाली. "अंगण मोकळं लागेल."

"होईल की."

"तुमचं होईल मी लग्नापासून ऐकतेय. ह्या वेळी सरळ सांगते. अंगण मोकळं नसलं तर मी रोपांच्या गाडीत बसून ताईकडे जाईन. तिचं अंगण मोठं आहे. आणि तिच्या नवऱ्याकडे सायकल आहे."

काचवाल्यानं उचललेला घास परत ताटात ठेवला. काकू चिडली असती तर त्याला काही वाटलं नसतं. पण ती हे सांगताना त्याच्या ताटात भाजी वाढत होती. म्हणजे ठरवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाल्यानं गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली, आणि विचारलं, "हँडब्रेक धरतो ना? माझं आवार उताराच्या माथ्यावर आहे."

"कान द्या," काचवाला म्हणाला, आणि त्यानं हँडब्रेक ओढला. कर्रर्र.

"वा," भंगारवाला म्हणाला. आणि टेम्पोला दोर बांधून गाडी ओढून घेऊन गेला.

काचवाल्यानं हुश्श केलं. संध्याकाळी नवराबायको मोकळ्या अंगणात खुर्च्या टाकून चहा पीत होती. काकू बोटानं हवेत रांगा आखत होती, इथं गुलाब, इथं टोमॅटो. इतक्यात टाकीच्या बाजूनं हॉर्न वाजला. मग न्हाव्याच्या दुकानापाशी वाजला. काकूनं कप खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "उठा. आपली खुर्ची तिच्या जागेत आहे."

पिकअप फाटकातून आत आली, आणि जिथं रोज उभी राहायची तिथं पायरीला टेकून थांबली. आत कुणी नव्हतं. म्हणजे माणूस नव्हता. सीटवर भंगारवाल्याचं मांजर झोपलं होतं. मागोमाग भंगारवाला धापा टाकत आला, मांजर काखेत मारलं आणि म्हणाला, "तिचा जीव तुमच्यात अडकलाय, काका. मला असलं वजन काट्यावर घेता येत नाही."

आता तुम्ही म्हणाल, उतार होता, चाक वाकडं होतं, दगड लावला नव्हता, आली घरंगळत. बरोबर आहे. काचवाल्यालाही ते कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, बाबा रे, चाकाखाली दगड लाव. पण ते बोलायचं म्हणजे हँडब्रेक गेलाय हे कबूल करायचं. अंगठा काही चऱ्यावरून हलेना.

मग आली कोंबड्यावाली बाई. तीही माथ्यावरच राहायची. तिला गाडी खुराडं म्हणून हवी होती. "पळणारी नकोच मला," ती म्हणाली, "कोंबड्या आधीच पळतात."

"ही जागची हलायची नाही," काचवाला छातीठोकपणे म्हणाला. काकूनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं उगाचच टोपी सारखी केली.

गाडी गेली. दोन दिवस शांततेत गेले. काकूनं अंगण खणून काढलं. तिसऱ्या दिवशी पहाटे हॉर्न वाजला, टाकीपाशी एकदा, न्हाव्यापाशी एकदा, आणि पिकअप पंख फडफडवत आत आली. म्हणजे मागच्या हौद्यात कोंबड्या पंख फडफडवत होत्या. सगळ्यांत पुढे टपावर कोंबडा, मान ताठ, मिरवणुकीत बसल्यासारखा. खणलेल्या मातीत चाकं रुतली तेव्हा कुठं स्वारी थांबली.

कोंबड्यावाली बाई कमरेला पदर खोचूनच आली. एकेक कोंबडी उचलून टोपलीत घालत ती म्हणाली, "माझ्या कोंबड्यांना गाडी लागली, काका. बघा, डोळे कसे फिरलेत त्यांचे. अंडी द्यायच्या नाहीत आता महिनाभर."

"चार तर हौद्यातच आहेत," काकू म्हणाली.

"ती भीतीनं घातलीत. ती धरत नाहीत."

रविवार उजाडला. काकूनं पिशवी भरून दाराशी ठेवली होती. काचवाला तिच्याकडे बघत नव्हता, पण त्याला घरभर ती पिशवीच दिसत होती. आणि त्याच सकाळी फाटकात आले बंबवाले साहेब, आगीच्या बंबावर काम करणाऱ्या लोकांचे प्रमुख. काकूनंच त्यांना निरोप धाडला होता. त्यांचं सरावाचं मैदान काचवाल्याच्या दुकानामागं, माथ्यावरच. त्यांना सरावासाठी जुनी गाडी हवी होती. गल्लीही गोळा झाली. भंगारवाला आला, कोंबड्यावाली आली, न्हावी एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून तसाच त्याला घेऊन आला.

"बोला," साहेब म्हणाले. "काय काय बिघडलंय हिचं?"

"काही नाही साहेब," काचवाल्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "किरकोळ."

साहेबांचा चेहरा पडला. "मग नको. आम्ही अपघातात अडकलेली माणसं बाहेर काढायचा सराव करतो. दार अडकलेलं पाहिजे, पत्रा वाकलेला पाहिजे. धड गाडी घेऊन आम्ही करायचं काय? तिच्यात बसून फिरायला जायचं?" आणि ते वळले.

काचवाल्यानं साहेबांच्या पाठीकडे बघितलं. मग दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. काकू चप्पल घालायला लागली.

"दार उघडत नाही," काचवाला म्हणाला.

साहेब थांबले. "कुठलं?"

"ड्रायव्हरचं. कधीच उघडत नाही." हे बोलताना त्याला घाम फुटला. पण आभाळ कोसळलं नाही. मग त्यानं घसा साफ केला. "आणि दुसरं लागत नाही."

"अस्सं," साहेब दोन पावलं परत आले.

"दिवा आभाळाकडे बघतो. चाक आत वळलंय. हॉर्न दाबून वाजत नाही, वळताना वाजतो. भिंत पुढे आली नव्हती, मीच गेलो होतो भिंतीवर." आता बांध फुटला होता. तो गाडीभोवती फिरत एकेक खोट अशी दाखवायला लागला, जसा दुसरा कुणी दागिने दाखवेल. साहेब खूश होऊन प्रत्येक ठिकाणी बोट लावून बघत होते. त्यांचा एक माणूस तर दार उघडायचा प्रयत्न करून घामाघूम झाला आणि आनंदानं म्हणाला, "साहेब, हे कापावंच लागेल."

"आणि हँडब्रेक," काचवाला म्हणाला, "तो नुसता आवाजाचा आहे. उतारावर चाकाखाली दगड ठेवावा लागतो."



"हे मला का नाही सांगितलंत?" भंगारवाला म्हणाला.

"अन् माझ्या कोंबड्यांना?" कोंबड्यावाली म्हणाली.

काकूनं पायातली एक चप्पल काढली होती, दुसरी तशीच होती. ती हसत होती. ती अशी हसलेली काचवाल्यानं बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

साहेबांनी गाडी पसंत केली. बंब लावून ओढून न्यायचं ठरलं, दोरही बांधला. आणि तेवढ्यात बंबाला वर्दी आली, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. साहेबांनी दोर सोडला, "संध्याकाळी नेतो," म्हणाले, आणि बंब घंटा वाजवत निघून गेला. त्याच क्षणी न्हाव्याच्या दुकानापाशी रोपांची गाडी वळली. अंगणात पिकअप, फाटकाबाहेर कडेला रोपांची गाडी, आणि रोपवाला घड्याळ बघत म्हणतोय, "जागा नसेल तर मी पुढं जातो, उन्हानं माना टाकतील रोपं."

आणि आता जे झालं ते ऐका. पिकअपनं सगळं ऐकलं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याबद्दल खरं बोललं होतं, आणि ते ऐकून कुणीतरी तिला हौसेनं मागितलं होतं. ती हलकेच हलली. इंजिन नाही, डिझेल नाही. रुतलेली चाकं तिनं मातीतून एकेक करून उचलली, पायांतली चिखलाची चप्पल झटकावी तशी. फाटकातून मागं सरली. न्हाव्यापाशी उजवीकडे वळली, टाकीपाशी उजवीकडे वळली, ती उजवीकडे कधी म्हणून वळली नव्हती, आणि तो अख्खा चढ एखाद्या पोरीसारखी चढून गेली. कुणी हात लावला नाही. माथ्यावर मैदानात जाऊन उभी राहिली, आणि स्वतःच एक दगड—

"अहो."

गुलाबाच्या कुंड्यांमागून काकू उठून उभी राहिली. हाताला माती, हातात खुरपं.

"कुणी हात लावला नाही म्हणे. ह्या माणसांना रोपं घ्यायची आहेत, त्यांना कशाला थापा मारताय? मागून मी ढकलत होते. भंगारवाला ढकलत होता, कोंबड्यावाली ढकलत होती, न्हाव्याचं ते साबण लावलेलं गिऱ्हाईकसुद्धा ढकलत होतं. माझा खांदा अजून दुखतोय. आणि तो काचवाला कुठं होता, ते सांगितलंत का? आत बसला होता. काचा पुसत."