चिकाचे बूट

केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. दिसायला लागतो तेव्हा धुऊन काही उपयोग नसतो. म्हणून सावद्याकडे बागेत जायचे कपडे वेगळे ठेवतात, आणि लताबाईने तर त्या कपड्यांना घरातल्या दोरीवर कधी जागा दिली नव्हती. तीच लताबाई आता खाटेवरून मुलीला सांगत होती, की कापणीवाल्यांकडून तांब्याभर चीक मागून आण.

ऋतिकाला आधी वाटलं, ताप चढला. पण आईचं डोकं ठिकाणावर होतं. महिला मंडळाचं नाटुकलं जळगावला व्हायचं होतं. केळीचे घड चोरणाऱ्याला धरायला फौजदार येतो आणि पंचनामा करता करता पुरावाच खाऊन टाकतो, असं काहीतरी. फौजदार लताबाई. खाकी कपडे वरणगावच्या भाच्याने दिले होते. अडलं होतं ते बुटांवाचून. पोलिसाचे बूट तांबडे. घरात होते ते पांढरे कापडी, आईला साखर निघाली तेव्हा फिरायला म्हणून ऋतिकानेच घेऊन दिलेले, दोनदा पायात जाऊन कपाटावर पडलेले.

ऋतिका जळगावात मेहरूणला राहायची, कॉलेजात शिकवायची. सुट्टी टाकून आली होती. ती म्हणाली, जळगावहून रंगाची बाटली मागवते.

"तो पहिल्या घामाले उतरतो," लताबाई म्हणाली. "चीक उतरतो का? मी जलमभर घासून पाह्यला."

शेजारची भिकुबाई नाटकात चोर होती. ती म्हणाली, हा कसला फौजदार, हा चोराले आधी चहा विचारीन. सगळ्या हसल्या, लताबाईसुद्धा. खोटं नव्हतं ते. नवरा गेल्यावर दीर वाटणीला बसले, तेव्हाही तिने पाणी आणून दिलं होतं आणि सांगतील तिथे अंगठा उठवला होता. नाटकात तिला एकच मोठं वाक्य होतं: कोणी हलायचं नाही. त्या वाक्यासाठी तिने हे काम स्वतः मागून घेतलं होतं.

यकृतात काय पसरलंय ते डॉक्टरांनी ऋतिकाला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं होतं. घरात त्याला कावीळ म्हणत. नाटकापर्यंत निभेल का, एवढंच तिने विचारलं. कसलं नाटक, ते डॉक्टरांना कळलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

मागच्या ओट्यावर बसून तिने चिंधीने चीक फासला. बूट ओले झाले, वाळले, पांढरेच राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फासला. तेव्हा कुठे चहा सांडल्यासारखी छटा आली. बुटांच्या आधी तिची बोटं काळी पडली. संध्याकाळी लताबाई बूट मांडीवर मागून घ्यायची, खिडकीकडे धरून बघायची, टाचेला कमी पडलंय, शिवणीत भर, असं सांगायची. रोज रंग थोडा पुढे सरकत होता. आईचे डोळेही रोज जास्त पिवळे दिसत होते.

मग पाय सुजले. ऋतिकाने बुटाची नाडी सगळी ओढून काढली, जीभ उलटी केली, तरी पाऊल अर्ध्यातच अडलं.

"सकाळी उतरंल," लताबाई म्हणाली.

सकाळी उतरलं नाही. ऋतिका कात्री घेऊन आली, मागून चिरते म्हणाली.

"कापू नको. दुसरीले लागतीन."

नाटकाच्या दिवशी दारात क्रूझर उभी राहिली तेव्हा बुटांना हवा तसा रंग आला होता. बायका नटूनथटून खोलीत शिरल्या आणि एकदम हळू बोलू लागल्या. खाकी आता भिकुबाईच्या अंगावर होती. चोराचं काम मंडळातल्याच बेबाबाईकडे गेलं होतं. बुटांचं नाव कोणी काढलं नाही. शेवटी लताबाईनेच ते उशापासून उचलून पुढे केले. भिकुबाई खाली बसून नाडी बांधू लागली. तिला ते नीट बसले.

"म्हण पाहू," लताबाई म्हणाली.

भिकुबाईने छाती काढून वाक्य फेकलं. लताबाईने मान हलवली. तसं नाही. ती उठून बसायला बघू लागली, तशी ऋतिकाने पाठीमागे हात घातला. हाताला नुसती हाडं लागली. लताबाईने श्वास जुळवला आणि एकेकीकडे बघत म्हटलं,

"कोणी हलायचं नाही."

आवाज मोठा नव्हता. पण बेबाबाईचा पदराकडे गेलेला हात तिथेच राहिला. भिकुबाई त्या बुटांत उभी होती तशीच उभी राहिली. कोणी हसलं नाही. ऋतिकाही हलली नाही.

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. थोडं थांबून पुन्हा वाजवला.

"जा आता," लताबाई म्हणाली. "उशीर होईन."

एकेक करून त्या निघाल्या. भिकुबाई सगळ्यांत शेवटी, उंबऱ्यापाशी पाय जपून टाकत. गाडीचा आवाज जळगाव रस्त्याला लागून विरेपर्यंत लताबाई तशीच बसून होती. मग म्हणाली, "निजव मले."