उंचीची जोडी

ॲट्रॅक्टा गेराटीला मरणाची भीती नव्हती. तिला भीती होती ती तिरकं जाण्याची.

तिची आई तिरकी गेली होती आणि ते अख्ख्या ग्लॅनरा गावानं पाहिलं होतं. आमच्या आयरिश गावांत शवपेटीला सहाजण खांदा देतात. दोन-दोनच्या तीन जोड्या, जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकून चालायचं, आणि जोडी लावायची ती उंची बघून. ॲट्रॅक्टाचे दोघे धाकटे भाऊ, कोल्मन आणि फिंटन, ताडासारखे उंच. त्यांच्या तोडीचा तिसरा माणूस आसपासच्या गावांत नाही. पण आईच्या दिवशी फिंटन खांद्याला आलाच नाही, बायकांच्या मागून मान खाली घालून चालत राहिला. मग कोल्मनच्या जोडीला पॅट्सी मॅनियनला उभं केलं. पॅट्सी मनानं मोठा, पण उंचीनं कोल्मनच्या काखेत मावेल एवढा. चर्चपासून दफनभूमीपर्यंत पेटी कलंडलेलीच राहिली. आई आत एका बाजूला घसरली असेल, या विचारानं ॲट्रॅक्टाला त्या दिवसापासून घास गोड लागला नाही. संध्याकाळी पबमध्ये कोणीतरी म्हणालंच, की बाई जन्मभर ताठ चालली आणि शेवटच्या दिवशी झोकांड्या खात गेली.

भावाभावांचं भांडण कशावरून, तर एका फाटकावरून. ते कोणीतरी उघडं टाकलं, गाभण गाय रस्त्यावर गेली आणि दुधाच्या गाडीखाली सापडली. तू टाकलंस, नाही तूच टाकलंस. झालं! समोरासमोर घरं आणि वर्षानुवर्षं अबोला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभसुद्धा धडधाकट होता. बाप लवकर गेल्यावर आई शेतात आणि ही दोन पोरं ॲट्रॅक्टाच्या कडेवर, अशी ती वाढली होती. लग्नबिग्न तिनं केलंच नाही. आणि आता डॉक्टरनं तिच्या हृदयाची झडप थकल्याचं सांगितलं होतं. भावांना ते तिनं स्वयंपाकघरातच सांगितलं, एकाला सकाळी आणि दुसऱ्याला दुपारी. दोघांनीही मान हलवली, दोघांनीही तिच्यासाठी सरपण फोडून ठेवलं, पण वेगवेगळ्या ढिगात.

अशात ती सिनेमावाली आली. फिलिपा नावाची, लीड्सची इंग्रज बाई, पायात सदा ओले बूट. तिला सिनेमात अंत्ययात्रा हवी होती आणि सहा खरे गावकरी हवे होते. तिच्या मदतनिसानं सगळ्यांना भिंतीशी उभं करून उंचीप्रमाणे जोड्या लावल्या. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! कोल्मनला वाटलं, फिंटन नाही म्हणेल. फिंटनला वाटलं, कोल्मन पाय मागे घेईल. आधी माघार घेईल त्याचं नाक कापलं जाणार, म्हणून कोणीच हललं नाही. वाळूच्या गोण्या भरलेली पेटी घेऊन दोघं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, टेकडी चढले. ॲट्रॅक्टा तेव्हा नेमकी सभागृहात पन्नास माणसांचा चहा गाळत होती. नंतर तिनं विचारलं तर दोघांकडून एकच उत्तर आलं, की झालं एकदाचं.

म्हणून जुलैत गॉलवेच्या महोत्सवात तो सिनेमा लागला तेव्हा तिनं तीन तिकिटं काढली आणि मधली खुर्ची स्वतःला ठेवली. येणार नाही म्हणायची सोय तिनं ठेवलीच नव्हती. हृदयाचं दुखणं अशा वेळी कामाला येतं. गावाची बस निघाली तेव्हा कोल्मन पुढच्या बाकावर आणि फिंटन मागच्या. महोत्सवाच्या पत्रकात सिनेमा ‘नवे ब्रिटिश आणि आयरिश चित्रपट’ या सदरात होता, त्यावरून बसमध्ये वाद रंगला, की आपला नक्की कुठला. पॅट्सीनं निकाल दिला. म्हणाला, पैसे त्यांचे, चिखल आपला, आणि पडद्यावर चिखलच दिसतो.

सिनेमा संथ होता. पॅट्सी तर चक्क घोरला. ॲट्रॅक्टाला त्या कथेशी काही देणंघेणं नव्हतं, ती टेकडीची वाट बघत बसली होती. आणि ती आली. धुकं, दगडी कुंपण, आणि समोरून पेटी. अगदी सरळ, पाण्यानं भरलेली थाळी वर ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. तिच्या डोळ्यांना धार लागली.

चढावर फिंटनचा पाय घसरला. गुडघा टेकतो की काय असं झालं, आणि तेवढ्यात कोल्मनचा आवाज सगळ्या थिएटरभर घुमला.

“आहे मी. धर मला.”

फिंटननं त्याच्या कोटाची कॉलर मुठीत पकडली. पाय सावरला, चढ संपला, फाटक आलं, तरी त्यानं कॉलर सोडली नाही. ॲट्रॅक्टाच्या डावीकडे कोल्मन आपल्या टोपीकडे बघत होता, उजवीकडे फिंटन छताकडे.

शेवटी दिवे लागले. फिलिपा मंचावर येऊन प्रश्नांना उत्तरं देऊ लागली. तिनं सांगितलं, की ते पाय घसरणं आणि ते शब्द कागदावर कुठेच नव्हते, पण कापायला तिचा हात धजेना. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, ते दोघे एकमेकांचे कोण, चालण्याची ढब अगदी एक आहे. फिलिपा म्हणाली, मला माहीत नाही, पण ते इथेच बसले आहेत, त्यांनाच विचारू या.

दोघांना उभं राहावं लागलं. टाळ्या झाल्या आणि थांबल्या. इथेही तोच खेळ, आधी तू का आधी मी. ॲट्रॅक्टाला वाटलं, हे दोघं आता ‘शेजारी’ म्हणतील आणि माझं सगळं संपलं. तिनं बटव्याचा बंद घट्ट धरला.

“भाऊ आहे माझा,” फिंटन म्हणाला. मग त्यानं पुढे जोडलं, “थोरला.”

खाली बसताना कोल्मनला खुर्ची नीट सापडेना.

बसला वेळ होता. तिघं नदीकाठच्या कट्ट्यावर बसली, ती मधे. थिएटरातला महागडा चहा तिला मान्य नव्हता, म्हणून घरून हॅमची सँडविचं आणि मनुकांचा केक आणला होता. डबा उघडून ती म्हणाली.

“आज मला जे दिसलं, ते मला माझ्यासाठी हवंय. तुम्ही दोघं पुढे, पहिली जोडी. आईची पेटी कलली ते मी अजून विसरले नाही रे. मला सरळ जायचंय.”

“मला त्या दिवशी यायचं होतं,” फिंटन नदीकडे बघत म्हणाला. “पण तू हाक मारशील म्हणून मी थांबलो.” हे तो ॲट्रॅक्टाला सांगत नव्हता.

“मारायला हवी होती मी,” कोल्मन म्हणाला. “मला तेच वाटत राहतं. रोज वाटतं.”

नदीतला एक बगळा उडाला, पुन्हा येऊन बसला. मग फिंटन तिच्या डोक्यावरून भावाकडे वळला.

“काय रे, वाळूच्या गोण्या परवडल्या म्हणायच्या. ही पेलेल का आपल्याला?”

कोल्मननं बहिणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “केक बंद केला तर पेलेल.”

एरवी एवढ्यावर तिनं दोघांचीही सालटी काढली असती. तिनं डब्यातला शेवटचा तुकडा उचलला, त्या दोघांच्या देखत सावकाश खाल्ला, आणि तो गोड लागला.