बाजूला काढलेला खडा

मसाजीच्या अंगणात सकाळी सहालाच जत्रा भरली होती. जवळा बाजारहून दोन टेम्पो आले होते, औंढ्याहून एक जीप आली होती, आणि नारळ-फुलं विकणारी बाई तर घरच्यांच्याही आधी येऊन बसली होती. सगळ्यांच्या नजरा सात वर्षांच्या राधिकावर. ती मात्र कोणाकडं बघत नव्हती. मातीत बसून खड्यांची रांग लावत होती, एकामागं एक, एकोणीस खडे.

पंचक्रोशीत बोभाटा असा होता की, या पोरीच्या अंगात देवी आहे. बाप मसाजी मेंढपाळ, अंगणातल्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, एकोणीस मेंढरं. पोरीचा एकेक खडा म्हणजे एकेक मेंढरू. काळ्या तोंडाचीला काळा खडा, बांडीला ठिपक्यांचा. कोणता कोणाचा हे तिच्या आईला, मोहिनीला, बराबर ठाऊक होतं. आणि ज्याचा खडा पोरगी रांगेतून बाजूला काढील, ते मेंढरू मेलंच म्हणून समजा. अशी तीन गेली होती, आणि त्यांच्या जागी मसाजीनं नवी आणली होती.

"ही पोरगी न्हाई," हनुमान महाराज गर्दीला सांगत होते, "ही यमाच्या दरबारातली चोपदार हाय. कोणाची पाळी ते हिला आधी कळतं." चार वर्षांमागं हेच महाराज बाजारात शेळ्यामेंढ्यांची दलाली करायचे. मग दाढी वाढली आणि दाढीबरोबर ज्ञानही वाढलं. आज ते राधिकाला आपल्या मठात न्यायला आले होते. तिथं तिची गादी मांडून ठेवली होती. मसाजी निम्मा तयार होता. मोहिनीला कोणी विचारलंच नव्हतं, आणि चार दिवसांमागं ती पदर तोंडाला लावून चतुराबाईच्या दारात येऊन बसली होती.

चतुराबाई अंगणवाडीत मदतनीस. बाई महासंशयी. नवऱ्यानं चांगली वांगी आणली तरी एकेक उलटीपालटी करून बघायची, आणि कीड निघाली नाही तर तिला जास्तच शंका यायची. राधिका तीन वर्षं तिच्या हाताखाली होती. हाक मारली तर ओ द्यायची नाही, दुसऱ्या पोरांत मिसळायची नाही, पण बुचांच्या रांगा लावायची त्या सुतासारख्या सरळ. हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की लेकरू स्वमग्न आहे, तिचा खेळ वेगळा असतो, तुम्ही तिच्या खेळात शिरा. मसाजीनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

मोहिनी रडून गेली तशी चतुराबाई रोज पहाटे त्या अंगणात जाऊन बसायला लागली. गर्दी पोरीकडं बघायची. चतुराबाईनं मात्र पोरगी कुठं बघते ते बघितलं. ती बघायची वाघरीच्या तोंडाकडं. मेंढरू बाहेर पडलं की तिचं बोट रांगेतल्या त्याच्या खड्यावर. मेंढरं रोज जवळपास त्याच क्रमानं निघतात. हे मसाजीला जन्मापासून ठाऊक होतं, पण रोजच्या गोष्टीत बघायचं काय, म्हणून त्यानं ते कधी बघितलंच नव्हतं. पोरगी बघत होती. चतुराबाईच्या डोक्यात लख्ख उजाडलं. आज, गर्दी जमायच्या आधीच, तिनं मसाजीला गाठून कानात काहीतरी सांगितलं.

वाघर उघडली. एक, दोन, तीन मेंढरं निघाली. चौथी निघायची ती टिकली, कळपातली सगळ्यात दांडगी. टिकली आलीच नाही. पाचवी आली, सहावी आली. राधिका कण्हायला लागली, हात झटकायला लागली, आणि तिनं टिकलीचा पांढरा खडा उचलून लांब ठेवला. पोरीचा जीव असा घाबरा केल्याचं चतुराबाईला मनापासून वाईट वाटलं. पण गर्दीतून हुंकार उठला आणि महाराजांनी मातीत लोटांगण घातलं.

"गेली. टिकली सूर्य मावळायच्या आत मरती. द्या ती मेंढी माझ्या ताब्यात, मठात नेऊन शांत करतो."

तेवढ्यात मसाजी टिकलीची मान धरून बाहेर आला. "हिला म्याच आत दाबून धरली होती, महाराज," तो म्हणाला. "हिला काय बी झालं न्हाई."

देवीची परीक्षा घेता, कोप होईल, असं महाराज पुटपुटले. चतुराबाई म्हणाली, मग बसू की समदे इथंच. दिवस मावळायच्या आत टिकली मेली तर पोरगी तुमची. पण त्याआधी एवढंच सांगा, पहिली मेंढी आमच्या डोळ्यांदेखत मेली; पुढची दोन तुम्ही अशीच शांत करायला म्हणून जीपमधून जिती नेली, ती मेलेली कोणी बघितली?

लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. कोणीच बघितली नव्हती. म्हातारा ग्यानोबा म्हणाला की त्यातली एक तर नुसती लंगडत होती, खुरात काटा होता. तेवढ्यात महाराजांना कनेरगाव नाक्यावरचं तातडीचं काम आठवलं. दलाल तो दलालच, दाढी ठेवली म्हणून काय झालं. टिकलीनं मात्र दुपारपर्यंत फुलवालीची झेंडूची टोपली फस्त केली आणि संध्याकाळी खुशाल रवंथ करत बसली.

जाणाऱ्या लोकांना चतुराबाईनं थांबवलं. "आजारी मेंढरू मागं राहतं," ती म्हणाली. "पोरीची रांग बिघडते, म्हणून ती खडा काढते. तिच्या मनात ते खडे म्हणजे मेंढरंच हाईत. पोरगी खेळून राहिली, बस. पहिली मेंढी मरायच्या आधी दोन दिवस तिचा खडा बाहेर होता. तुमी पोरीच्या पाया पडले. तिच्या खेळाकडं बघून ढोराचा डॉक्टर बोलावला असता तर मेंढी वाचली असती."

मसाजी खाली मान घालून ऐकत होता. गर्दी पांगल्यावर तो पोरीजवळ मातीत बसला, जन्मात पहिल्यांदा. टिकलीचा खडा उचलून त्यानं विचारलं, कुठं ठेवू? राधिकानं वर बघितलं नाही. तिनं बापाचं मनगट धरलं आणि त्याचा हात ओढून चौथ्या जागेवर नेला. मसाजी तसाच बसून राहिला, डोळे पुसायचंही त्याला सुचेना. मोहिनी दारातून बघत होती.

लेकराच्या अंगात देवी शोधू नका, भूतही शोधू नका. लेकरू कुठं बघून राहिलं, तेवढं बघा.